सुटलो, हेच बक्षीस

पुण्यातल्या वाहतुकीचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘दंड दहापट करा, सगळे सुतासारखे सरळ येतील.’ म्हणणारा बहुधा स्वतः दुचाकीवाला असतो आणि त्याच्या नावावर दोन-चार ई-चलनं थकलेली असतात. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. दंड जबर असता तर आपणही सुधारलो असतो, असं त्याला मनापासून वाटतं. माझं म्हणणं असं, की तो सुधारला नसता. पकडलं जाण्याची शक्यता आहे तेवढीच ठेवून नुसती रक्कम वाढवली, तर नियम मोडण्याची गोडी वाढू शकते. हे विधान उफराटं वाटेल, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

दंड दहापट करून झालेला आहे, हे आधी लक्षात घ्यावं. २०१९ मध्ये केंद्रानं मोटार वाहन कायदा दुरुस्त केला. विनाहेल्मेट दंड शंभर रुपयांवरून हजारावर नेला, शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित करण्याची तरतूद आणली. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात नवे दर लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्याआधी, १ जानेवारी २०१९ पासून, पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्तीची जोरदार मोहीम उघडली होती आणि तिच्याविरोधात या शहरानं आपल्या परंपरेला जागून मोर्चाही काढला होता. आज जंगली महाराज रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहावं आणि उघडी डोकी मोजावीत. रक्कम आणि शिस्त यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही, हे कळायला तेवढं पुरे.

मग २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरचा अपघात झाला. भरधाव आलिशान गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा अल्पवयीन होता, आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. त्या निबंधाची चीड योग्यच होती. न्यायाची भूक ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला तिचं स्थान आहे; मी त्याबद्दल बोलत नाही. मी बोलतोय ते रोजच्या शिकवणीबद्दल. सकाळी पावणेनऊला राँग साइडनं शंभर मीटर कापून दुकानाशी पोचणाऱ्या माणसाला रस्ता काय शिकवतो? एखाद्या भीषण घटनेनंतर आपण शिक्षेच्या आकारावर महिनाभर भांडतो, आणि ही शिकवणी मात्र रोज लाखो माणसांसाठी बिनबोभाट चालू राहते.

या शिकवणीचं यंत्र मेंदूत कुठे असतं, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचाली टिपत होते. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की त्या पेशी जोरात चेतायच्या. मग त्यांनी क्रम लावला: आधी एक खूण, थोड्या वेळानं रस. माकडाला हे उमगल्यावर पेशी रसाला दाद देईनाशा झाल्या आणि खूण दिसताच चेतू लागल्या. सगळ्यांत महत्त्वाचं पुढे आहे. खूण दाखवली आणि रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्या पेशी गप्प झाल्या, एरवीच्या संथ लयीच्याही खाली गेल्या. म्हणजे या पेशी रसाचं मोजमाप करत नव्हत्या. अपेक्षा काय होती आणि पदरात काय पडलं, यांतला फरक त्या मोजत होत्या. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळी, कमी मिळालं तर खड्डा, ठरल्याप्रमाणे मिळालं तर काहीच नाही. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी हे ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत मांडलं. गंमत अशी की त्यासाठी लागणारं गणित तयार होतं. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी यंत्रांना शिकवण्यासाठी ते आधीच रचून ठेवलं होतं.

डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणण्याची आणि त्याचा उपास करायला शिकवणाऱ्या रील्सची सध्या चलती आहे. त्या सगळ्यांनी या प्रयोगापाशी थोडं थांबायला हवं. आपल्या विषयापुरतं डोपामिन हे हिशेबनीसाचं काम करतं: आधी केलेली नोंद बरोबर होती की चुकली, एवढंच ते कळवतं. त्यावरून स्ट्रायटम नावाच्या भागात दोन वाटा घडत जातात. उसळी आली की ‘हे कर’ म्हणणारी वाट पक्की होते, खड्डा पडला की ‘हे करू नकोस’ म्हणणारी.

हे दोन वेगळे धडे आहेत, आणि रसायन बदललं तर एक ऐकू येतो आणि दुसरा येत नाही. २००४ साली मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांवर, एक सुरेख प्रयोग केला. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि औषधानं ते डोपामिन भरून काढलं जातं. (त्या औषधातला मूळ रेणू आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतो.) रुग्णांना पडद्यावर जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवल्या. अर्थ कुणालाच कळू नये, म्हणून ही अक्षरं. एक निवडायचं; काही अक्षरं बहुतेक वेळा ‘बरोबर’ ठरायची, काही बहुतेक वेळा ‘चूक’. औषध न घेतलेले रुग्ण चुकीच्या अक्षरापासून दूर राहायला चांगलं शिकले, बरोबर अक्षर हेरण्यात कमी पडले. औषध घेतलेल्यांचं नेमकं उलट झालं. औषधानं डोपामिनची पातळी इतकी वर राहिली, की चूक झाल्यावर जो खड्डा पडायला हवा तो पडतच नव्हता. शिक्षा झाली, पण मेंदूच्या हिशेबाच्या वहीत तिची नोंदच झाली नाही.

याची काळी बाजूही आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० कंपवाताच्या रुग्णांच्या पाहणीत १३.६ टक्क्यांना जुगार, बेसुमार खरेदी, खादाडी किंवा अनावर लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी जडलेलं आढळलं. डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला निवृत्त माणूस अचानक पैसे उधळू लागतो आणि औषध बदललं की बरेचदा पुन्हा पूर्ववत होतो. अशा माणसाला आपण ‘निगरगट्ट’ म्हणणार का? एरवी आपण हा शब्द किती सहज वापरतो!

सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या एका रसायनाचीही इथे भूमिका आहे. शिक्षेच्या भीतीनं हात आखडणं, कळ काढणं, वाट पाहणं यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. त्याची कथा मात्र डोपामिनइतकी सुटसुटीत नाही, आणि पुण्याचा रस्ता समजून घ्यायला तिची फारशी गरजही पडत नाही.

गरज पडते ती एका कमी चर्चिल्या जाणाऱ्या बाबीची. हिशेब अपेक्षेशी होतो, हे एकदा मान्य केलं की पुढची पायरी आपोआप येते: वाईटाची अपेक्षा होती आणि वाईट झालंच नाही, तर मेंदूच्या दृष्टीनं ते ‘अपेक्षेपेक्षा चांगलं’ असतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे थेट दिसलं. ठरावीक आवाजानंतर सौम्य विजेचा झटका बसतो हे उंदीर शिकले. मग आवाज करून झटका देणं बंद केलं. झटका यायच्या आणि न आलेल्या त्या क्षणी डोपामिन पेशी चेतत होत्या, आणि त्यातूनच भीती विझत जात होती.

आता हा उंदीर बाजूला ठेवा आणि रिकाम्या चौकात लाल सिग्नल तोडणारा दुचाकीवाला डोळ्यांपुढे आणा. समोर पोलीस असेल का, अशी धाकधूक आहे. गाडी पुढे जाते. कुणी नाही. सुटलो! हा ‘सुटलो’ रिकामा नसतो. त्यात दीड मिनिट वाचल्याचा फायदा आहे, आणि त्यावर चढलेली, न झालेल्या शिक्षेची उसळी आहे. दंड पाचशेचा असेल तर सुटका पाचशेची. पाच हजारांचा केलात, तर सुटकाही तेवढीच मोठी. लाल सिग्नल दहादा तोडून एकदा पकडलं जाणाऱ्याला आपण एकदा शिक्षा करतो आणि नऊ वेळा बक्षीस देतो. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावरून रस्त्याबद्दल मी काढलेला हा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण प्रत्येक मोहिमेचं आयुष्य पंधरवड्याचं का असतं, याचा खुलासा तो चांगला करतो. पहिल्या आठवड्यात कपाटावरची हेल्मेटं खाली येतात, कारण भीती ताजी असते. मग माणूस एकदा विसरतो, काही होत नाही. दुसऱ्यांदा मुद्दाम विसरतो. तिसऱ्या आठवड्यात हेल्मेट पुन्हा कपाटावर.

‘अहो, माणूस म्हणजे उंदीर नव्हे,’ हा आक्षेप रास्त आहे. माणसाला भाषा आहे, तो मागचा-पुढचा विचार करतो, मंगळवारी आलेल्या चलनाचा संबंध मागच्या गुरुवारच्या सिग्नलशी जोडू शकतो. जोडू शकतो हे खरं. पण सकाळी पावणेनऊला तो विचार करत नसतो, सवयीनं गाडी चालवत असतो. आणि सवय जिथे घडते तिथलं घड्याळ फार घाईचं आहे. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या स्ट्रायटममध्ये पेशी-पेशींमधला सांधा कधी पक्का होतो ते पाहिलं. सांधा चेतल्यानंतर ०.३ ते २ सेकंदांत डोपामिन आलं तर तो वाढला. त्यापेक्षा उशीर झाला तर नाही. दोन सेकंद! आपलं ई-चलन एसएमएसनं येतं, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आणि गाडी विकताना ‘आधीच्या मालकाची’ म्हणून निघणारी चलनं तर वेगळीच. तोवर मेंदूच्या लेखी तो धडा केव्हाच आटोपलेला असतो. वाचलेलं दीड मिनिट लगेच मिळालं, ‘सुटलो’ लगेच मिळालं, दंड मागाहून आला. त्याचा संबंध आता सिग्नलशी लागत नाही, मोबाइलशी लागतो. माणूस शिकतो ते एवढंच, की असले मेसेज उघडू नयेत.

जुन्या पावतीत हा दोष नव्हता. मामा शिट्टी मारत, गाडी बाजूला घ्यायला लावत, चावी काढून घेत, आणि पावती फाडेपर्यंत तुम्ही भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उभे. शिक्षा जागेवर. त्या पद्धतीत चिरीमिरी होती, ओळख सांगून सुटणं होतं, हुज्जत होती. ई-चलनानं त्याला बराच आळा घातला, आणि जुन्या दिवसांसाठी उसासे टाकण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण अदलाबदलीत काय गेलं तेही पाहायला हवं. कॅमेऱ्याकडे खात्री आहे, तत्परता नाही. मामांकडे तत्परता आहे, खात्री नाही. शिकण्यासाठी दोन्ही एकत्र लागतात आणि आपण त्यांची दोन खाती वेगळी करून ठेवली आहेत.

मामांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मेंदू शिक्षेचा संबंध तिची सगळ्यांत भरवशाची पूर्वसूचना देणाऱ्या गोष्टीशी लावतो. रस्त्यावर ती गोष्ट नियमभंग नसते. बहुतेक नियमभंगांनंतर काहीच घडत नाही. ती गोष्ट असते पांढरा शर्ट. म्हणून आपण पांढरा शर्ट ओळखण्यात अतोनात तरबेज झालो आहोत. दीडशे मीटरवरून, झाडाआडून, बसच्या मागून. कोपरात अडकवलेलं हेल्मेट चौकाच्या अलीकडे डोक्यावर चढतं आणि चौक ओलांडला की पुन्हा कोपरात येतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी ‘नळ स्टॉपला मामा आहेत’ हा निरोप फिरतो, खाली सात जण आभाराचे हात जोडतात. हे बेशिस्त लोक नाहीत, उत्तम विद्यार्थी आहेत. जे शिकवलं तेच शिकले.

संरक्षण खात्याच्या आस्थापनांच्या फाटकांवर मात्र हेच पुणेकर शहाण्यासारखे वागतात. तिथे हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडत नाहीत. दंड नाही, चलन नाही, भाषण नाही; नुसतं परत फिरायला लावतात. शिक्षा किरकोळ, पण दर वेळी आणि त्याच क्षणी. पेठांमधल्या पी-१, पी-२ च्या पाट्याही बघा. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, असा नियम कागदावर वाचला तर हे पुण्यात चालणं अशक्य वाटेल. पण ज्या भागात गाड्या उचलणारा टेम्पो नेमानं फिरतो तिथे माणसं स्टँड लावण्याआधी तारीख आठवतात. दुकानातून पिशवी घेऊन बाहेर यावं आणि जिथे गाडी होती तिथे मोकळी जागा असावी: शुल्ट्झ यांच्या माकडाला रस न मिळाल्याचा हा हुबेहूब पुणेरी प्रयोग. अपेक्षा ठाम, प्रत्यक्षात शून्य, आणि खड्डा जागच्या जागी. ज्याची गाडी एकदा उचलली गेली त्याला तो कोपरा वर्षानुवर्षं आठवतो. त्या दिवशी भरलेली रक्कम त्याला सांगता येईलच असं नाही.

तर मग शिक्षा तत्काळ आणि खात्रीची केली की काम फत्ते? तसंही नाही. हवाईमध्ये न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ साली सशर्त सुटकेवर असलेल्या गुन्हेगारांसाठी नेमकं हेच केलं. अट मोडली की लगेच, न चुकता, पण थोड्या दिवसांची कोठडी. सुरुवातीचे निकाल झळाळते होते. मग तोच नमुना अमेरिकेत इतर चार ठिकाणी काटेकोरपणे राबवून पाहिला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक दिसला नाही. व्यसन, बेकारी आणि तुटलेली घरं यांच्यावर तत्परता हा उतारा नाही. सिग्नल पाळणं त्या मानानं फार साधं वर्तन आहे, म्हणून मी इथे जास्त आशा धरतो. तरी सावधगिरी हवीच.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची वाटते. शिक्षा नियम शिकवत नाही, सुटकेची सर्वांत स्वस्त वाट शिकवते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत सीटबेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना सक्तीची झाली. तत्परता आणि खात्री या दोन्ही कसोट्यांवर ही योजना पैकीच्या पैकी गुण घेणारी: पट्टा नाही, की लगेच टुंग-टुंग. झालं काय? बकलात खोचली की आवाज बंद करणारी खोटी क्लिप बाजारात आली. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या संकेतस्थळांना ती विकायला मनाई केली, तेव्हा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. पट्टा लावल्यानं आवाज थांबतो आणि क्लिपनंही थांबतो. मेंदूला दोन्ही सारखेच. तरीही असंख्य लोकांनी पट्टाच लावला, कारण पट्टा हाताशी होता आणि क्लिप शोधून विकत आणावी लागत होती. धोरण आखणाऱ्यानं नजर ठेवायची ती या फरकावर. पाळण्याची वाट पळवाटेपेक्षा स्वस्त आहे का?

राँग साइडचं दुखणं नेमकं इथे आहे. दुभाजकातलं वळण एक-दीड किलोमीटर पुढे ठेवायचं, पादचाऱ्याला आणि सायकलवाल्याला मध्ये कुठे वाट ठेवायची नाही, आणि मग शंभर मीटर उलट येणाऱ्याला गुन्हेगार म्हणायचं. उलट येणारा चुकतोच, जीवही घेतो. पण त्याच्यापुढे ठेवलेलं बक्षीस आपण, म्हणजे महापालिकेच्या आराखड्यानं, स्वतःच्या हातानं ठेवलेलं आहे, आणि रोज ठेवलेलं आहे. वळणं योग्य जागी काढणं हा दंड वाढवण्यापेक्षा महाग उपाय असेल. पण त्यात कुणाला रोज नव्यानं भीती दाखवावी लागत नाही.

थकलेल्या चलनांवर लोक अदालतीत होणाऱ्या तडजोडी मला याच कारणानं खटकतात. थकबाकी वसूल व्हावी, न्यायालयांवरचा भार हलका व्हावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण वेळेवर भरणाऱ्यानं पूर्ण रक्कम भरायची आणि वर्षभर थांबलेल्यानं कमी, यातून शिकणारा काय शिकणार? इस्रायलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांचा प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखा आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलाला उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दहापैकी सहा पाळणाघरांत छोटा दंड लावला. उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. पूर्वी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता त्याचे पैसे भरले जात होते. आणि दंड मागे घेतल्यावर उशीर पूर्वपदावर आला नाही. लाज एकदा पैशात बदलली की परत लाजेत बदलता येत नाही. आपल्याकडे दंडाचं शुल्क तर झालंच आहे, वर त्यावर सवलतीचा सेलही लागतो.

मग बक्षिसं द्यावीत का? पेट्रोलचं कूपन, ‘आदर्श वाहनचालक’ प्रमाणपत्र, चौकात गुलाबाचं फूल? गुलाबांच्या मोहिमा आपण पाहिल्या आहेत. छायाचित्रापलीकडे त्यातून काही निघालेलं दिसत नाही. जे लोक आपणहून हेल्मेट घालतात त्यांना कूपनाची सवय लावू नये, असंही मला वाटतं. कूपन बंद झाल्याच्या दिवशी मेंदूत खड्डा पडतो आणि तो पडतो हेल्मेटच्या नावावर. एका बाबतीत मात्र बक्षिसाचा विचार टाळता येत नाही, आणि ती बाब म्हणजे तरुण चालक. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा ते सतरा वर्षांची मुलं बक्षिसातून प्रौढांइतकंच चांगलं शिकली, शिक्षा टाळायला शिकण्यात मात्र मागे पडली. हे शहर विद्यार्थ्यांचं म्हणवतं. सोळाव्या वर्षी विनागिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि त्याहून मोठी गाडी विनापरवाना हाती देणारे आईबाप प्रत्येक सोसायटीत आहेत. या वयाला धाकाची भाषा निम्मीच ऐकू येते. कोरी चलनवही हा त्यांच्यासाठी खरा मोबदला ठरू शकेल. पहिली दोन वर्षं एकही चलन नसेल तर विम्याचा हप्ता दिसेल इतका कमी व्हावा, आणि वाचणाऱ्या रकमेचा आकडा दर महिन्याला त्यांच्या मोबाइलवर वाढताना दिसावा.

कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्याला माझा बिनशर्त पाठिंबा नाही, हेही सांगून टाकतो. प्रत्येक चौकात प्रत्येक नंबरप्लेट टिपणारी यंत्रणा उद्या केवळ सिग्नलसाठीच वापरली जाईल याची हमी कोण देणार? म्हणून खात्री वाढवायची तर रक्कम खाली आणायला हवी आणि नोंदी ठरावीक मुदतीत पुसल्या जायला हव्यात. दोनशे रुपये, पण पुढच्या सिग्नलला थांबेपर्यंत. चौकातल्या पाटीवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, मागोमाग मोबाइलची थरथर. दोन सेकंदांत नाही जमणार. दोन मिनिटांत जमू शकेल, आणि दोन मिनिटांनी माणसाला आपण कुठला सिग्नल तोडला ते अजून आठवत असतं. दोनशेसाठी कुणी लोक अदालतीची वाट पाहत बसत नाही, नगरसेवकाला फोन लावत नाही, आणि रोजंदारीवर जाणाऱ्याचं त्या दिवशीचं पोटही मारलं जात नाही. वारंवार मोडणाऱ्यासाठी पायरीपायरीनं वाढ ठेवा. दारू पिऊन चालवणं आणि जीवघेणा वेग यांना यातून वगळा, तिथे कठोरपणा वेगळ्या कारणांसाठी लागतो.

दरवर्षी वाहतूक शाखेच्या बातमीत किती कोटींचा दंड आकारला आणि त्यातला किती वसूल झाला, हे ठळक अक्षरांत असतं. नागरिकांनी मागायचा आकडा दुसराच आहे. अमुक चौकात, सकाळच्या तासाभरात, सिग्नल तोडणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना चलन गेलं, आणि सरासरी किती मिनिटांनी? पाच जणांना आणि सहा दिवसांनी, असं उत्तर आलं, तर त्या चौकात उरलेल्या पंच्याण्णवांची शिकवणी बिनखर्चात चालू आहे, आणि दंड दहापट करण्याचा ठराव मांडणाऱ्यांनी तो आधी त्या चौकात उभं राहून मांडावा.